१३१ पैकी ३९

माझी आत्या ३१ वर्षं सिस्टर होती. त्यातली शेवटची ११ वर्षं तिनं एका सरकारी रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती कक्षात काढली. मी औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करतो. दोघांचा रुग्ण एकच, पण तिनं त्याला थरथरताना धरलेलं आहे आणि मी त्याला फक्त क्रमांकानं ओळखतो.

दिवाळीनंतर मिरजेला तिच्याकडे गेलो होतो. ती पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी एका अमेरिकी चाचणीचं सांगायला लागलो आणि दुपार सगळी त्यातच गेली. ते बोलणं आठवेल तसं इथं लिहितो. आकडे मात्र नंतर तपासून घातले आहेत.

आत्या : सिगारेट सोडायची गोळी दारू सोडायला दिली? कशासाठी?

मी : व्हॅरेनिक्लीन नावाची गोळी आहे. मेंदूत निकोटीन जिथं जाऊन बसतं, तिथं ती बसते. दारूतून मिळणाऱ्या सुखाचा काही भाग त्याच वाटेनं जातो, म्हणून दारूवरही देऊन पाहावी असं संशोधकांना वाटलं. येल विद्यापीठाच्या स्टेफनी ओमॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३१ जण घेतले. सगळे दारूच्या आहारी गेलेले आणि सिगारेट ओढणारे. काहींना खरी गोळी, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाच्या हातात कोणती पडली हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. १६ आठवडे हे चाललं. निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला.

आत्या : आणि निकाल काय?

मी : सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर दारूच्या बाबतीत खऱ्या आणि खोट्या गोळीत म्हणण्यासारखा फरक नाही.

आत्या : मग मला हे कशाला सांगतोयस?

मी : कारण त्यांनी पुरुषांचं आणि बायकांचं वेगळं मोजलं होतं. शेवटच्या आठ आठवड्यांत एकही दिवस अति न प्यायलेले पुरुष खऱ्या गोळीवर २९ टक्के निघाले, खोट्या गोळीवर ६ टक्के. बायकांत नेमकं उलट. खोट्या गोळीवर २५ टक्के आणि खऱ्या गोळीवर ५.

तिचा हात थांबला. फोडलेली शेंग तशीच बोटांत राहिली.

आत्या : म्हणजे पुरुषाचा फायदा आणि बाईचा तोटा एकमेकांत मिसळले, आणि तुम्ही म्हणालात काहीच झालं नाही.

मी : इतक्या घाईनं तसं म्हणता येणार नाही. टक्के बाजूला ठेव आणि माणसं मोज. १३१ पैकी पुरुष ९२ आणि बायका ३९. खरी गोळी १९ बायकांना मिळाली, त्यातली एक टिकली. खोटी २० जणींना मिळाली, त्यातल्या पाच टिकल्या. बायकांचा हा सगळा उलटा निकाल चार बायकांवर उभा आहे, आत्या. त्या चौघींना घरी कुणाचा आधार मिळाला असेल, कुणाची नोकरी लागली असेल. नाणं २० वेळा उडवलं तरी इतका फरक कधीकधी पडतो.

आत्या : चार बायका तुला कमी वाटतात?

मी : पुरावा म्हणून कमी वाटतात.

आत्या : मला नाही वाटत. माझ्या कक्षात वर्षभरात जेमतेम तेवढ्याच यायच्या.

इथं मी तिला ती जुनी गोष्ट सांगितली, जी आमच्या धंद्यात प्रत्येकाला एकदा तरी ऐकवली जाते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन द्यावी की नाही, हे पाहणारी एक मोठी चाचणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिननं जीव वाचतात हे तीत स्वच्छ दिसलं. त्या संशोधकांनी मुद्दाम रुग्णांच्या जन्मराशींप्रमाणे वाटण्या करून पाहिल्या. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा फायदा दिसेना, उलट थोडा अपायच दिसला. मोठ्या गटाचे तुकडे पाडत गेलं की कुठल्यातरी तुकड्यात भलतं काहीतरी सापडतंच, हे त्यांना दाखवायचं होतं. मी आयुष्यभर हाच धडा गिरवत आलो आहे.

आत्या : अरे, पण बाई म्हणजे रास आहे का?

मी : नाही. पण आकड्यांना ते कळत नाही.

आत्या : तुला तर कळतं ना! वजन सारखं असलं तरी बाईच्या अंगात पाणी कमी असतं, म्हणून तेवढ्याच दारूनं तिच्या रक्तात जास्त उतरते. पोटातच दारू थोडीफार मोडणारं जे विकर असतं, तेही बाईत कमी. पुरुषाचं यकृत पंधरा वर्षांत जिथं पोचतं, तिथं बाईचं लवकर पोचलेलं मी कावीळ झालेल्या डोळ्यांत पाहिलंय. तुमच्या मोजमापात हे कुठं आहे?

मी : ते आहे. चाचणीत ‘अति’ कशाला म्हणायचं, हे दोघांसाठी वेगळं असतं. अमेरिकी हिशेबात एक पेग म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पुरुषानं दिवसात पाच किंवा जास्त घेतले तर तो अतिमद्यपानाचा दिवस, बाईनं चार किंवा जास्त घेतले तर.

आत्या : आपल्या क्वार्टरमध्ये सांग.

हा हिशेब मी आधी कधी केला नव्हता. तिच्यासमोरच मोबाइलवर केला. १८० मिलिलिटरची विलायतीची क्वार्टर, ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण ६१ ग्रॅम. अमेरिकी पेगात चारपेक्षा थोडं जास्त. एका बसणीला एक क्वार्टर रिकामी करणारी बाई या मोजमापात ‘अति’ ठरते, आणि पुरुष ठरत नाही.

आत्या : हे मात्र बरं केलंय. पण माप वेगळं केलं म्हणजे औषध वेगळं पाहिलं असं होत नाही.

मी : ते मान्य. पण वेगळं पाहायची किंमत ऐक. समज, औषधाचा सरसकट गुण दिसायला मला ३०० माणसं लागतात. आता मला विचारायचं आहे की पुरुषाला आणि बाईला मिळणारा गुण वेगळा आहे का. तो फरक मुळातल्या गुणाएवढाच मोठा असला, तरी दोघं निम्मे निम्मे घेऊन मला चौपट, म्हणजे १२०० माणसं लागतील. पैसा चौपट, वर्षं जास्त. तेवढा काळ जे औषध ठीक चालतंय ते कुणालाच मिळणार नाही. नाल्ट्रेक्सोनचं बघ. दारूनं मेंदूत जी सुखाची लहर येते ती ते अडवतं. १९९२ साली फिलाडेल्फियात ७० माजी सैनिकांवर त्याची चाचणी झाली. १२ आठवड्यांत खोट्या गोळीवरचे ५४ टक्के परत दारूकडे वळले, खऱ्या गोळीवरचे २३ टक्के. त्याच वर्षी येलची चाचणीही आली आणि १९९४ अखेर अमेरिकेत दारूसाठी मान्यता मिळाली. बायकांचा वेगळा निकाल येईपर्यंत थांबले असते तर?

आत्या : ते ७० सैनिक सगळे पुरुषच ना?

मी : सगळे पुरुष.

आत्या : म्हणजे ७० पुरुषांवरचा निकाल तुला पुरावा वाटतो आणि ३९ बायकांवरचा वाटत नाही.

मला पटकन उत्तर सुचलं नाही. उत्तर होतं, ७० आणि ३९ यांत फरक आहे, शिवाय ते ७० एका प्रश्नासाठी होते आणि ३९ हा एक तुकडा होता. पण तिचा प्रश्न आकडेमोडीचा नव्हता. पुरुषांचा गट आपोआप ‘रुग्ण’ होतो आणि बायकांचा गट ‘उपगट’, ही आमची भाषाच आहे. मीही ती बोलतो.

ही भाषा कुठून आली, हे मी तिला सांगितलं. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाच्या शोकांतिकेनंतर गर्भाच्या काळजीनं अमेरिकेच्या औषध नियामकानं १९७७ मध्ये सूचना काढली की मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायका चाचणीच्या सुरुवातीच्या टप्प्यांत घेऊ नयेत. हेतू चांगला होता. पण सोळा वर्षं अशी औषधं येत राहिली ज्यांचा डोस पुरुषांच्या शरीरावर बेतलेला होता. १९९३ मध्ये सूचना मागे घेतली. झोपेचं झोल्पिडेम बायकांच्या रक्तात सकाळपर्यंत जास्त उरतं, म्हणून त्यांचा डोस निम्मा करा, हे सांगायला २०१३ उजाडलं. आणि २०१५ मध्ये फक्त बायकांसाठी असलेलं फ्लिबान्सेरिन दारूसोबत घेतलं तर काय होतं, याच्या अभ्यासात २५ जण होते. त्यात २३ पुरुष आणि २ बायका.

आत्या : बायकांचं औषध, आणि तपासलं पुरुषांवर?

मी : कारण दारू पिऊन चाचणीला बसायला बायका मिळाल्या नाहीत.

आत्या : मिळाल्या नाहीत की शोधल्या नाहीत?

मी : तू म्हणतेस तेवढं सगळं अंधारातही नाही. २००६ साली अमेरिकेत १,३८३ जणांची मोठी चाचणी आली, तीत ४२८ बायका होत्या. त्यांचं वेगळं विश्लेषण पुढं झालं, आणि नाल्ट्रेक्सोनचा गुण पुरुषांइतकाच बायकांना येतो असं दिसलं. पण त्याच औषधाचं महिन्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन २००५ साली ६२४ जणांवर तपासलं, तर पुरुषांत गुण स्पष्ट आणि बायकांत दिसेना. औषध तेच. आता यातलं खरं काय?

आत्या : ते तू मला विचारतोयस?

मी : मी एवढंच सांगतोय की थोड्या बायकांवरून निकाल काढला की तो असा दोन्हीकडे हेलकावे खातो.

आत्या : मग थोड्या बायका घेऊ नका. जास्त घ्या. त्यात माझी काय चूक?

ती उठली, आतून पाणी आणलं, आणि मग तिनं जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं.

आत्या : आमच्याकडं डायसल्फिराम चालायची. दारू पोटात गेली की तोंड लाल, छातीत धडधड, उलट्या. म्हणून माणूस घाबरून पीत नाही. पण ती गोळी कोण घेतो? स्वतःहून कुणी घेत नाही. सकाळी चहाबरोबर बायको देते, समोर उभी राहते, गिळली का ते तोंड उघडायला लावून बघते. पोराला शाळेत सोडून, कामावर जायच्या आधी. कित्येकजणी नवऱ्याला न सांगता भाजीत कालवून द्यायच्या. आम्ही ओरडायचो की हे करू नका, त्यानं वर दारू घेतली तर जीव जाईल. तर काय सांगत होते, त्या गोळीचा गुण बायकोच्या पायावर उभा असतो. आता पेशंट बाई असेल तर तिला गोळी कोण देणार?

मी : नवरा?

आत्या : ११ वर्षांत बायकोच्या गोळीसाठी रोज सकाळी उभा राहणारा नवरा मी दोन वेळा पाहिला.

मला मुंबईतली चाचणी आठवली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०० रुग्णांना वर्षभर डायसल्फिराम किंवा नाल्ट्रेक्सोन दिलं होतं. डायसल्फिरामवर ८६ टक्के टिकले, नाल्ट्रेक्सोनवर ४४ टक्के. पाश्चात्त्य देशांत डायसल्फिरामचे निकाल इतके चांगले येत नाहीत. १९८६ मध्ये अमेरिकेत ६०५ माजी सैनिकांवर ते तपासलं, तेव्हा दारू कायमची सुटण्याच्या बाबतीत ते फारसं सरस ठरलं नव्हतं. मुंबईतल्या अभ्यासात घेताना एक अट होती. रुग्णाच्या घरचं कुणीतरी गोळीवर लक्ष ठेवायला तयार हवं. आणि सगळे रुग्ण पुरुष होते.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग त्यांनी गोळी नाही तपासली. गोळी आणि बायको मिळून तपासली.” या अभ्यासाबद्दल इतकं अचूक वाक्य मी कुठल्याही शोधनिबंधात वाचलेलं नाही. आमच्या भाषेत औषधाचा परिणाम आणि देखरेखीचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत, असं आम्ही म्हणू. पण ती देखरेख करणाऱ्या व्यक्तीला घर, वय आणि थकवा असतो, हे त्या शब्दांत येत नाही. आणि बाई रुग्ण झाली की तो आधार नेमका गायब होतो. तिच्यावर तीच गोळी अपुरी पडली तर दोष तिच्या शरीराचा की रिकाम्या स्वयंपाकघराचा, हे १३१ पैकी ३९ बायका घेऊन कळणार नाही.

मी : पण आपल्याकडे बायका आणायच्या कुठून? २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात १० ते ७५ वयातले २७.३ टक्के पुरुष पिणारे निघाले आणि १.६ टक्के बायका. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाची फार चांगली चाचणी झाली, निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ३७७ रुग्ण होते, सगळे पुरुष. त्या लोकांनी शीर्षकातच तसं स्वच्छ लिहिलं. मला ते प्रामाणिक वाटतं.

आत्या : प्रामाणिक आहेच. ‘पुरुषांवर’ असं लिहिलं तर माझी तक्रार नाही. ‘स्त्री-पुरुषांवर’ असं लिहायचं आणि बायका तोंडी लावण्यापुरत्या घ्यायच्या, त्याला माझी हरकत आहे. आणि १.६ टक्के म्हणजे किती बायका होतात रे?

मी : त्याच सर्वेक्षणात पिणारे १६ कोटी आहेत, आणि दर १७ पुरुषांमागे एक बाई. म्हणजे नव्वद लाखांच्या जवळपास.

आत्या : नव्वद लाख! आणि तुला चाचणीला सहाशे मिळत नाहीत.

मग तिनं सांगितलं की त्या का मिळत नाहीत. तिच्या कक्षात बायकांसाठी वेगळी खोली नव्हती. पुरुषांच्या वॉर्डच्या टोकाला एक पलंग पडदा लावून ठेवलेला असे आणि संडास पुरुषांच्या खाटांपुढून जाऊन. बाई आली तरी व्यसनासाठी येत नसे. पोट दुखतं, झोप लागत नाही, हात कापतात म्हणून येई, आणि बाहेरच्या विभागातून आम्लपित्ताची गोळी घेऊन परत जाई. तांदळाच्या डब्यात चपटी लपवणारी बाई डॉक्टरला ते सांगत नाही, आणि डॉक्टरही तिला विचारत नाही. पुरुषाला दारुडा म्हणतात, बेवडा म्हणतात, तळीरामही म्हणतात. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’पासून आपल्या मनात पिणारा सुधाकर आणि सोसणारी सिंधू पक्के बसलेत. पिणाऱ्या बाईला मात्र आपण जो शब्द वापरतो तो तिच्या दारूबद्दल नसतो, चारित्र्याबद्दल असतो.

एक बाई तिला अजून आठवते. चौथ्या दिवशी हात कापायचे थांबले, जेवायला लागली, आणि पाचव्या दिवशी सासूचा फोन आला की पोराची परीक्षा आहे. ती गेली. पुन्हा आली नाही. चाचणीत अशा बाईला आम्ही ‘गळती’ म्हणतो. गळती झालेला रुग्ण बहुतेक वेळा पुन्हा प्यायला लागला असं धरून मोजतो. त्या मोजणीत तिच्या बाबतीत औषध अयशस्वी ठरतं. खरं तर औषधाला संधीच मिळाली नाही.

आत्या : तुमच्या चाचणीत पोरांना सांभाळायला कुणी असतं का? बाईला दुपारी दोन ते चार यायला चालेल का, असं कुणी विचारतं का?

मी : प्रवासखर्च देतात.

आत्या : बसचं भाडं ही तिची अडचण नाही, बाबा. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं बायकांसाठी निशिगंध वेगळं काढलं ते उगाच नाही. वेगळी जागा केली की बायका येतात.

शेंगा संपत आल्या होत्या. मी तिला विचारलं की त्या चार बायकांचं काय करायचं. तिनं तिच्या वॉर्डच्या रजिस्टरचं उदाहरण दिलं. महिनाअखेरीला दोन बायका असल्या तरी रकाना वेगळाच भरायचा, एकूण बेरजेत टाकून मोकळं व्हायचं नाही. एका महिन्याच्या दोन बायकांनी काही कळत नाही. पण पाच वर्षांची रजिस्टरं पुढं ठेवली तर कळतं की सगळ्या पावसाळ्याआधी येतात, किंवा सगळ्यांना आधी नवऱ्याचा मार आहे. रकानाच नसेल तर पाच वर्षांनीही काही कळत नाही.

तिचं हे मी तसंच स्वीकारलं आहे, आणि माझी अट सोडलेली नाही. चार बायकांवरून ‘ही गोळी बायकांना देऊ नका’ असं मी आजही लिहिणार नाही. तो मिथुन राशीचा न्याय होईल. पण त्या चार बायका वेगळ्या रकान्यात छापल्या पाहिजेत, म्हणजे दुसऱ्या देशातल्या चाचणीतल्या सहा त्यांच्या शेजारी मांडता येतील आणि तिसऱ्या चाचणीतल्या अकरा. ओमॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो रकाना ठेवला, म्हणून आज आपण हे बोलू शकतो. आणि ज्या औषधावर ‘स्त्री-पुरुष दोघांसाठी’ असं लिहायचं आहे, त्याच्या चाचणीत बायका किती हव्यात हे पहिला रुग्ण घेण्याआधी ठरलं पाहिजे, तेवढ्या भरेपर्यंत दार उघडं राहिलं पाहिजे, आणि त्यांना येता यावं म्हणून लागणारा खर्च औषधाच्या खर्चाइतकाच चाचणीचा भाग धरला पाहिजे. चौपट माणसं लागतात हे खरं आहे. इतकी वर्षं ती किंमत बायकांनी आपल्या अंगावर अंदाजे डोस घेऊन भरली, हेही खरं आहे. पुण्याला परतल्यावर माझ्यासमोर आलेल्या पुढच्या आराखड्यावर मी हाच शेरा लिहिला.

हे वाचणाऱ्यांना एक सांगायचं आहे, आणि ते आत्याच्या वतीनं. २०१९ च्या त्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळालेला होता. तुमच्या घरात, नात्यात पिणारी बाई असेल तर तिला डॉक्टरकडे न्या. अनेक वर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. तिच्या नकळत जेवणात काही कालवू नका. डॉक्टरांना विचारा की हे औषध किती बायकांवर तपासलंय, पण उत्तर मिळालं नाही म्हणून उपचार टाळू नका. पहिल्या भेटीला तिच्यासोबत जा, आणि पुढचे काही महिने तिच्या गोळीच्या वेळेला घरी राहा.